मॉरिशसची साउथ टूर: जागा अव्वल, फक्त क्रम उलटा लावा

मॉरिशसच्या हनिमून पॅकेजात फिरण्याचे दिवस साधारण तीन असतात. एक पूर्वेकडच्या इल ओ सेर्फ बेटाचा, एक पोर्ट लुईस आणि उत्तरेचा, आणि एक दक्षिणेचा. या तिसऱ्या दिवसाला एजंटच्या कागदावर ‘फुल डे साउथ टूर’ असं नाव असतं. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या बहुतेक पॅकेजांत तो आधीच धरलेला असल्यामुळे त्याची वेगळी चौकशी कोणी करत नाही. परत आल्यावर मात्र बऱ्याच जोडप्यांकडून एकच वाक्य ऐकू येतं: बघितलं सगळं, पण पळापळ फार झाली.

गुण द्यायचे तर या दिवसातल्या जागांना पाचपैकी साडेचार आणि ठरलेल्या बस टूरला अडीच. मधले दोन गुण कुठे जातात आणि ते कसे वाचवायचे, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

ठरलेली टूर साधारण अशी चालते. साडेआठ-नऊला बस हॉटेलवर येते, मग आणखी दोन-तीन हॉटेलांतून जोडपी उचलते. पहिला थांबा क्युरपीपच्या बाजूला, जहाजांच्या लाकडी प्रतिकृती बनवणारा कारखाना. दुसरा थांबा ड्यूटी फ्री दागिन्यांचं नाहीतर कपड्यांचं दुकान. मग त्रू ओ सेर्फ हे विवर, मग गंगा तलाव, मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा पॉइंट, मग जेवण, आणि दीड-दोनच्या सुमाराला शामारेलचा धबधबा आणि सात रंगांची माती. चारला परतीचा रस्ता. म्हणजे ज्या जागेसाठी माणूस दक्षिणेला जातो ती शामारेलची माती सगळ्यात वाईट उन्हात, सगळ्यात जास्त गर्दीत आणि पोट जड झाल्यावर बघायची. आणि सकाळचे दोन सोन्यासारखे तास दुकानात.

दुकानांचे थांबे वेळापत्रकात का असतात हे उघड आहे. दुकानातल्या खरेदीवर गाडीवाल्याला किंवा एजंटला कमिशन मिळतं आणि टूरचा दर त्यावर खाली ठेवता येतो. यात लपवाछपवी नाही, पण तुमचा वेळ त्यात जातो. जहाजांच्या प्रतिकृतींचं काम खरंच सुबक असतं. दोरखंड, शिडं, डोलकाठ्या सगळं हातानं केलेलं. पण ते नाजूक ओझं विमानातून मुंबईला आणायचं असेल तरच तिथे अर्धा तास घालवा. एरवी बुकिंग करतानाच स्पष्ट लिहून घ्या: ‘एकही शॉपिंग स्टॉप नको.’ तोंडी सांगून उपयोग होत नाही, कारण बुकिंग घेणारा वेगळा आणि सकाळी गाडी घेऊन येणारा वेगळा.

गाडी आणि रस्ता

बसमधल्या सीटऐवजी दिवसभराची स्वतंत्र गाडी घ्या. दोन माणसांना ती थोडी महाग पडते, पण क्रम आपल्या हातात येतो, आणि या दिवशी क्रमालाच सगळी किंमत आहे. ठरवताना चार गोष्टी आधी बोलून घ्या. दर पूर्ण गाडीचा आहे की माणशी? किती तासांचा? त्या वर प्रत्येक तासाला किती? तिकिटं धरून की सोडून? टॅक्सीचं मीटर चालेल या भरवशावर बसू नका. दिवसाचा दर बोलूनच ठरतो. तास मोजून घेणं विशेष महत्त्वाचं, कारण आठ तासांत गाडी सोडायची असेल तर शेवटचा सूर्यास्त हातातून जातो. हॉटेल पश्चिमेला असेल तर बारा-साडेबारा आणि उत्तरेला असेल तर तेरा-चौदा तासांची बोली करा.

रस्ता असा धरा: हॉटेलहून पश्चिम किनाऱ्यानं खाली काझ न्वायाल, तिथून घाट चढून शामारेल, पुढे गॉर्जेसचा पॉइंट, मग गंगा तलाव, मग पठार उतरून दक्षिण टोकाला सुईयाक गाव आणि तिथला ग्री-ग्रीचा किनारा, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं पश्चिमेकडे ल मोर्नचा डोंगर. हा गोल पूर्ण होतो, परतीचा पश्चिम किनारा सोडला तर एकही रस्ता दुसऱ्यांदा लागत नाही आणि सूर्य मावळताना तुम्ही पश्चिमेच्या समुद्रासमोर असता. त्रू ओ सेर्फ या गोलात बसत नाही. ते क्युरपीपमध्ये आहे, बघायला पंधरा मिनिटं पुरतात आणि तिकीट नाही, म्हणून ते पोर्ट लुईसच्या दिवसाला जोडा.

पश्चिमेला फ्लिक-आन-फ्लाकच्या बाजूला राहत असाल तर शामारेल पाऊण तासावर आहे, सव्वासात-साडेसातला निघा. उत्तरेला ग्रां बेच्या बाजूला असाल तर दीड तास धरा आणि पावणेसातच्या आत गाडीत बसा, कारण साडेसातनंतर पोर्ट लुईसमधून जाणारा हमरस्ता ऑफिसच्या गर्दीनं तुंबतो आणि तिथे सहज पाऊण तास मोडतो. पूर्व किनाऱ्यावर, बेल मारच्या भागात हॉटेल असेल तर हा दिवस लांबचा होतो. तेव्हा ग्री-ग्री सोडून द्या.

हॉटेलचा नाश्ता बहुतेक ठिकाणी सातला सुरू होतो. आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर सांगितलं तर नाश्त्याचा डबा बांधून मिळतो. ऑल इन्क्लुसिव्ह पॅकेज असेल तर दुपारच्या जेवणाचाही डबा मागा. ते पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात, आणि बाहेर जेवलात तर दुसऱ्यांदा भरता. घाटात वळणं एकामागून एक आहेत. गाडी लागत असेल तर भरपेट खाऊ नका आणि उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, घाट लागल्यावर घेऊन फायदा नाही.

स्वतः गाडी चालवायचा विचार असेल तर वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूनं आहे, ही मोठी सोय. अडचण इतर ठिकाणी येते. दक्षिणेचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना अगदी डांबराला लागून ऊस, बाजूला घ्यायला जागा नाही, आणि पठारावर धुकं कधी उतरेल सांगता येत नाही. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही सोबत ठेवा.

शामारेल

गेट साडेआठला उघडतं. पावणेनऊच्या आत आत शिरलात तर पहिला एक तास जवळजवळ तुमच्या एकट्याचा. एकाच तिकिटात धबधबा आणि रंगीत माती दोन्ही येतात. आतला रस्ता लांब आहे, गाडी आतपर्यंत जाते. आधी धबधबा लागतो, पुढे माती.

इथे एक छोटा बदल करा. धबधब्यावर न थांबता सरळ मातीपर्यंत जा आणि परत येताना धबधबा बघा. माती तिरप्या उन्हात बघायची असते. सकाळी सूर्य खाली असतो तेव्हा टेकड्यांच्या उंचवट्यांना एका बाजूनं ऊन आणि दुसऱ्या बाजूनं सावली मिळते, आणि त्या दोन्हींच्या सीमेवर रंग वेगळे होतात: तांबडा, विटकरी, पिवळा, त्यात जांभळट पट्टा, आणि कडेला राखाडी निळसर. दुपारी ऊन डोक्यावर आलं की ही सावली नाहीशी होते आणि सगळं एकसारखं तपकिरी दिसतं. ‘फोटोत होतं तसं काही नाही’ ही तक्रार करणारे बहुतेक लोक दीड वाजता गेलेले असतात. ढगाळ दिवशीही हाच प्रकार. हलकी सर पडून गेल्यावर ऊन आलं तर मात्र रंग सगळ्यात गडद दिसतात, म्हणून दहा मिनिटांच्या पावसानं खट्टू होऊ नका, छपराखाली थांबा.

हे रंग आले कुठून, हे मराठी माणसाला सांगणं सोपं आहे. इथला मूळ दगड बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ. उष्ण हवेत आणि भरपूर पावसात या कातळाची लाखो वर्षं झीज होऊन त्याची माती झाली. पाण्यात विरघळणारं सगळं वाहून गेलं, लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. लोखंड जिथे जास्त तिथे तांबडा-तपकिरी रंग, ॲल्युमिनियम जिथे जास्त तिथे निळसर-जांभळा. कोकणातला जांभा याच रीतीनं तयार झाला आहे. भूशास्त्रज्ञांच्या मते नातं याहूनही जवळचं आहे: जमिनीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचं पठार ओतलं गेलं, त्याच स्रोतावर पुढे, साधारण ८०-९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस वर आलं. आज तो स्रोत शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे.

मातीवर पाय ठेवायला परवानगी नाही. भोवती लाकडी कठडा आहे, त्याच्या कडेनं वाट आणि दोन-तीन ठिकाणी उंच मचाण. सगळी फेरी मारायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. गेटकडून पहिल्यांदा जे दिसतं तिथेच सगळे फोटो काढत बसतात; पूर्ण वळसा घालून उंचावरच्या मचाणावर जा, तिथून पट्टे एकमेकांत कसे मिसळतात ते कळतं. फोनवर फोटो काढताना स्क्रीनवरच्या मातीवर बोट ठेवून फोकस घ्या आणि उजेड थोडा कमी करा. फोनचा कॅमेरा आकाश आणि झाडं बघून माती फिकट करून टाकतो. फिल्टर लावून केलेले भडक फोटो बघून आलेल्यांची निराशा होते, म्हणून अपेक्षा आधीच नीट ठेवा: हा सगळा भाग साधारण ७,५०० चौरस मीटरचा आहे, एखाद्या मोठ्या क्रिकेटच्या मैदानापेक्षा लहान.

जवळच अल्डाब्रा जातीच्या प्रचंड कासवांचं कुंपण आहे. ती सकाळी हालचाल करतात, पान खायला मान बाहेर काढतात. दुपारी सावलीत दगडासारखी पडून असतात. लवकर जाण्याचा हा आणखी एक फायदा. दुकानात काचेच्या नळीत सात थरांची माती मिळते. आठवण म्हणून स्वस्त आणि हलकी वस्तू, पण नळीचं बूच घट्ट आहे ना ते तपासा आणि बॅगेत उभी ठेवा. शामारेलला कॉफीही पिकते, पीक थोडंसंच. कॉफी आवडणाऱ्यांनी एक कप घ्यावा.

धबधबा सुमारे १०० मीटरचा, सरळ एका धारेत कोसळणारा. समोरच्या कड्यावरून बघायचा असतो. खालच्या कठड्यापेक्षा पायऱ्या चढून वरच्या जागेवरून पूर्ण कुंड दिसतं. जानेवारी ते एप्रिल पाणी दणदणीत असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धार बारीक होते. आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर लगेच लग्नं लागतात आणि जोडपी नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे पोचतात, त्यांना म्हणून धबधबा थोडा बेताचा वाटतो. दरीवरून शुभ्र, लांब शेपटीचा पक्षी फेऱ्या मारताना दिसला तर तो स्थानिक भाषेत पाय-आं-क. इथल्या विमान कंपनीच्या खुणेवरचा पक्षी हाच.

शामारेल गावात उसाच्या ताज्या रसापासून रम बनवणारी डिस्टिलरी आहे, २००८ साली सुरू झालेली. फेरी आणि चव मिळून तास जातो. या दिवसात तो तास बसवायचा तर ग्री-ग्री सोडावं लागतं. स्वतः गाडी चालवत असाल तर ती जागा तुमच्यासाठी नाहीच.

पठारावर

शामारेलहून वीस मिनिटांत गॉर्जेसचा पॉइंट. १९९४ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे, ६,७५४ हेक्टरचं. तिकीट नाही. गाडीतून उतरून दोन मिनिटांत कठड्याशी पोचता आणि समोर हिरवी दरी थेट समुद्रापर्यंत उतरत जाते. महाबळेश्वरच्या पॉइंटची सवय असलेल्यांना आकारानं फार वाटणार नाही, पण तळाशी निळा समुद्र दिसणं ही वेगळीच गोष्ट. धुकं असेल तर दहा मिनिटं थांबा, वारा बऱ्याचदा ते हटवतो. त्यापेक्षा जास्त थांबू नका. माकडं धीट आहेत. हातात खाण्याची पिशवी दिसली की ती गेलीच.

अननस मात्र इथेच खा. छोटा, गोड, इथल्याच मातीतला अननस. विक्रेता देठ धरून सुरीनं तिरप्या खाचा पाडत साल आणि डोळे एकदमच काढतो, की फळावर गोल जिन्यासारखी नक्षी उरते. मग उभे चार काप करून देठ हातात देतो, वर मीठ, तिखट आणि चिंचेचं पाणी. हात चिकट होतात, पाण्याची बाटली जवळ ठेवा.

पुढे पंधरा-वीस मिनिटांवर गंगा तलाव. विवरात साठलेलं हे तळं. उंची साधारण ५५० मीटर, त्यामुळे किनाऱ्यापेक्षा हवा चार-पाच अंशांनी थंड आणि भुरभुर पाऊस कधीही. वाटेवरच १०८ फुटी मंगल महादेवाची मूर्ती लागते, २००७ साली उभी राहिलेली, वडोदऱ्याच्या सुरसागरातल्या शंकराच्या धर्तीवर. समोर तेवढ्याच उंचीची दुर्गा. बसवाले इथेच पाच मिनिटं फोटोला देतात आणि मग तलावावर दहा. मूर्ती भव्य आहेत यात वाद नाही, पण खरी जागा तलावाचा काठ आहे. त्रियोले गावच्या एका पुजाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथली यात्रा सुरू केली, आणि १९७२ मध्ये गोमुखाचं गंगाजल आणून या पाण्यात मिसळलं, तेव्हापासून नाव गंगा तलाव. उसाच्या मळ्यात राबायला आणलेल्या माणसांच्या पोरानातवंडांनी हे तीर्थ उभं केलं आहे. म्हणून इथे किमान पाऊण तास द्या.

तयारी लागते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत; बीचवरच्या कपड्यांवर ओढणी गुंडाळून जाऊ नका, कपडे बदलूनच जा. पातळ शाल किंवा जॅकेट दोघांसाठी. चपला काढाव्या लागतात, आणि या क्रमात तुम्ही साडेअकरा-बाराला पोचता, तेव्हा ऊन असेल तर फरशी तापलेली असते आणि पाऊस झाला असेल तर शेवाळानं निसरडी. जाड मोजे घाला, दोन्ही अडचणी सुटतात. जोडीनं पूजा करायची असेल तर मंदिरातल्या पुजाऱ्यांना सांगा. हिंदी समजतं, भोजपुरी वळणाची हिंदी बोलतातही. दक्षिणा आपल्या मनावर. फुलं-नारळ तलावाजवळच्या दुकानात मिळतात, पण प्रसाद हातात उघडा धरून माकडांसमोरून जाऊ नका. तलावात मोठे मासे आणि बाम मासे आहेत, पायरीच्या अगदी जवळ येतात. मागच्या टेकडीवर हनुमानाचं देऊळ आहे, पायऱ्या चढायची ताकद असेल तर वरून अख्खा तलाव दिसतो.

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात हा भाग टूरमधून काढा. बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक कावड खांद्यावर घेऊन चालत येतात, रस्ते त्यांचे असतात आणि ते तसेच असावेत. बघायचंच असेल तर त्या दिवशी फक्त तेवढंच करा.

ड्रायव्हरला आपण मराठी आहोत हे जरूर सांगा. १८३४ पासून हजारो मजूर भारतातून इथे आले, त्यांत मुंबई बंदरातून आलेले कोकणातले लोकही होते. त्यांची वस्ती मुख्यतः याच पश्चिम भागात आणि पठारावर आहे. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवतात, आणि कोकणातली जाखडी इथे ‘झाकरी’ या नावानं अजून नाचली जाते. गणपतीच्या दिवसांत जात असाल तर विसर्जन कुठल्या नदीवर किंवा किनाऱ्यावर आहे ते ड्रायव्हरला विचारा. त्यांना माहीत असतं.

जेवण

पठारावर चांगलं जेवण मिळेल या आशेवर राहू नका. शामारेलची हॉटेलं चवीला उत्तम, पण जेवण ठरावीक कोर्सचं, दीड-दोन तासांचं, आणि खासियत रानडुकराची नाहीतर हरणाची. शाकाहारी माणसाला तिथे पाम झाडाच्या कोवळ्या गाभ्याचं सॅलड आणि भाज्या एवढंच उरतं, आणि बिल मात्र पूर्ण जेवणाचंच येतं.

शाकाहारींसाठी या बेटावरचा आधार म्हणजे ढोल पुरी. आपल्या पुरणपोळीसारखी पातळ, आत पिवळ्या डाळीचं कोरडं, बिनगोड सारण, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा-भाजी, टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी, आणि सगळं कागदात गुंडाळून. नेहमी जोडीनंच मिळते, म्हणून ‘एन पेर’ म्हणायचं, एक जोडी. तिखट नको असेल तर ‘सां पिमां’. चांगली ढोल पुरी गाडीवर सकाळी मिळते आणि दुपारपर्यंत संपते. म्हणून निघतानाच दोन-दोन जोड्या बांधून घ्या, पण रस्सा वेगळा मागा. आत घालून दिली तर तासाभरात पुरी फाटते. सोबत गातो पिमां घ्या, म्हणजे आपला डाळवडाच, आकारानं लहान. ‘साँ लाव्यान’ म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द लक्षात ठेवा. जैन जेवण हवं असेल तर हॉटेलचा डबाच बरा.

भारताचं यूपीआय मॉरिशसमध्ये १२ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालं, पण अननसवाल्याकडे आणि ढोल पुरीच्या गाडीवर रोखच लागते. मॉरिशसचा एक रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास. तिकिटं कार्डावर भरा आणि हजार-दीड हजार स्थानिक रुपये सुट्ट्या नोटांत खिशात ठेवा.

दक्षिण टोक आणि ल मोर्न

गंगा तलावावरून खाली सुईयाककडे जाताना चहाचे मळे लागतात, मग ऊस. उसात मध्येच काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतील. शेत करण्यासाठी जमिनीतून हातानं उपसून काढलेले ते दगड आहेत. गाडीतून नजर टाकली तरी पुरे, पण नजर टाका.

ग्री-ग्रीला दोनच्या सुमाराला पोचता. मॉरिशसच्या भोवती प्रवाळाची भिंत आहे, तिच्यामुळे बाकीचा बहुतेक किनारा तळ्यासारखा शांत असतो. इथे ती भिंत नाही, आणि दक्षिण समुद्राची लाट थेट कातळावर आपटते. पोहण्याला बंदी आहे आणि ती पाळा; पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी ओढ जबरदस्त असते. काठावर वारा इतका असतो की सेल्फी काढताना फोन हातातून सुटतो आणि टोप्या तर उडतातच. दहा मिनिटं चालून ‘रडणाऱ्या खडका’पर्यंत जाता येतं, सँडल नको, पकड असलेले बूट हवेत. अर्धा-पाऊण तास भरपूर झाला.

तिथून ल मोर्नपर्यंतचा तासाभराचा किनारी रस्ता हा या दिवसाचा न विकला जाणारा भाग आहे. बेल ओंब्र, मग बे दु काप, आणि माकोंदेचं वळण, जिथे रस्ता थेट समुद्रावर झुकतो. वळणावर खडकात जिना आहे, वर पाच मिनिटं. गाडी वळणावरच उभी करतात ते धोक्याचं आहे; पुढे मोकळी जागा बघून थांबा आणि मागे चालत या. मोठ्या बसला हा रस्ता नकोसा असतो, म्हणूनही तो बस टूरमध्ये नसतो.

ल मोर्न ब्राबां हा ५५६ मीटरचा कातळ. गुलामीतून पळालेली माणसं त्याच्या कड्याकपारीत लपून राहत. गुलामगिरी इथे १ फेब्रुवारी १८३५ ला संपली. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. चढाई हा या दिवसाचा भाग नाही, तिला वेगळी सकाळ हवी. आणि ‘पाण्याखालचा धबधबा’ बघायचा हट्ट किनाऱ्यावर धरू नका. वाळू आणि गाळ खोल उतारावरून घसरताना वरून जो भास होतो तो हेलिकॉप्टरमधून किंवा सीप्लेनमधूनच दिसतो. नावेतून ‘दाखवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

सार्वजनिक किनाऱ्यावर गाडी लावा. सुरूची झाडं आहेत, अगदी दिवेआगर-मुरुडसारखी, खाली त्याच काटेरी फळांचा सडा, त्यामुळे अनवाणी धावू नका. पाणी उथळ आणि उबदार, पण तळाशी प्रवाळाचे तुकडे आणि समुद्री साळिंदरासारखे काटेरी प्राणी असतात; रबरी तळव्याचे पाण्यातले बूट आधीच विकत घेऊन ठेवा. काटा रुतलाच तर किनाऱ्यावर उपटत बसू नका, हॉटेलच्या नर्सकडे जा. कपडे बदलायची सोय बेताची आहे, म्हणून पोहण्याचे कपडे ग्री-ग्रीनंतर गाडीतच घालून घ्या आणि ओल्यासाठी प्लास्टिकची पिशवी ठेवा.

सूर्यास्ताची वेळ ऋतूप्रमाणे फार बदलते. मे-जूनमध्ये पावणेसहाच्या आत अंधार पडायला लागतो, डिसेंबरात पावणेसात होतात. मे महिन्यातल्या जोडप्यांनी म्हणून साडेचारला ल मोर्नला असायलाच हवं. उशीर होतोय असं दिसलं तर ग्री-ग्रीतून कापा, शामारेलमधून नको. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा मोसम असतो, जानेवारी ते मार्च त्याचा जोर जास्त, तेव्हा आदल्या रात्री हवामानाचा इशारा बघा. तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की सगळं बंद होतं आणि हॉटेलबाहेर पडायचं नसतं. टूर पुढे ढकलण्याची अट बुकिंगमध्ये आधीच लिहून घ्या.

ल मोर्नहून फ्लिक-आन-फ्लाक पाऊण तास, ग्रां बे दीड ते पावणेदोन तास. हॉटेलचं रात्रीचं जेवण बहुतेक ठिकाणी साडेनऊ-दहाला बंद होतं, त्यामुळे उत्तरेला राहणाऱ्यांनी सूर्य बुडाल्यावर पंधरा मिनिटांत गाडीत बसावं. पश्चिमेला हॉटेल असेल तर आणखी अर्धा तास तिथेच बसा. सूर्य गेल्यावर कातळ आधी तांबूस होतो, मग जांभळा, आणि तोवर बाकीची सगळी माणसं गाड्या काढून निघून गेलेली असतात.